शिबिरातील मुलांचा वाली कोण?

वार्षिक परीक्षा आटोपल्या की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत शिबिरांचा हंगाम सुरू होतो. पाचगणीच्या पठारावर, तापोळा-बामणोलीकडे शिवसागर जलाशयाच्या काठी तंबू उभे राहतात. सागरेश्वर, दंडोबा, चांदोली या परिसरात निसर्गशिबिरे भरतात. गावोगावच्या शाळांत संस्कारवर्ग चालतात. त्याआधी हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे होऊन गेलेली असतात. या भूमीला ही परंपरा नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांनी तरुणांची एक पिढी घडवली. घर सोडून, परक्या मुलाशेजारी सतरंजी टाकून जे शिकता येते, ते वर्गाच्या चार भिंतींत शिकता येत नाही. तेव्हा शिबिरे बंद करा, असे कोणी सुज्ञ माणूस म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, पालकांनी विश्वासाने हवाली केलेल्या या मुलांच्या जिवाची जबाबदारी नेमकी कोणाची, आणि ती पार पाडली जाते की नाही हे पाहणार कोण?

आज या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका कागदावर दिले जाते. तो कागद म्हणजे पालकांचे संमतीपत्र. ‘काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ अशी ओळ त्यावर असते आणि पालक ती न वाचता सही करतात. परंतु अशा कागदाने निष्काळजीपणाला क्षमा मिळते, हा समज भाबडा आहे. १९९५ साली पंजाबातील एका शाळेची सहल बियास नदीवर गेली असता १४ मुले बुडाली. त्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेला जबाबदार धरून प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश कायम केला. कुंभकोणम येथे २००४ साली शाळेच्या आगीत नव्वदहून अधिक बालके जळून गेली. त्यानंतर याच न्यायालयाने २००९ मध्ये निर्वाळा दिला की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. शाळा सुरक्षित हवी, तर शाळेने भरवलेले शिबिर असुरक्षित कसे चालेल?

शासनाने काहीच केलेले नाही, असे नाही. मात्र त्याची पावले दोन टोकांना पडली आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेल्या डझनाहून अधिक विद्यार्थ्यांचा अंत झाला, तेव्हा समुद्र, नद्या, विहिरी, डोंगरमाथे अशा ठिकाणी सहली नेऊ नयेत, अशा सूचना शिक्षण खात्याकडून निघाल्या. हे एक टोक. कृष्णाकाठच्या मुलाला नदी वर्ज्य करणे म्हणजे त्याला पोहायला न शिकवताच पाण्याची भीती घालणे होय. दुसरे टोक साहसाचे. साहसी उपक्रमांसाठी २०१८ मध्ये सुरक्षेचे नियम ठरले, २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले आणि आयोजकांची नोंदणी आवश्यक ठरली. दोर, होडी, हवाई छत्री यांचा विचार त्यांत आहे आणि तो योग्यच आहे.

पण या दोन टोकांच्या मध्ये जे साधे, रोजचे शिबिर आहे, त्याच्याकडे कोणाचे लक्ष आहे? तेथे कोणी कडा चढत नाही. तेथील धोके अगदी घरगुती असतात. शंभर मुलांचे पिण्याचे पाणी कोठून आले? त्यात ताजी ब्लीचिंग पावडर घालून अर्ध्या तासाने लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहतो का, हे कोणी तपासले? सकाळचा भात रात्री वाढला गेला का? मुलींसाठी कडी लागणारी शौचालये आहेत का? कठडा नसलेली विहीर मुक्कामापासून किती पावलांवर आहे? माळावर विंचू निघतो, गवतात फुरसे असते, किल्ल्याच्या कपारीत आग्या मोहोळ असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. सर्पदंशावर प्रतिविष हाच उपाय आहे. परंतु औषध आरोग्य केंद्रात आणि मूल जलाशयापलीकडे असेल, रात्रीच्या वेळी वाहन नसेल, तर त्या औषधाचा काय उपयोग? आणि होडीविषयी सांगलीकरांना वेगळे काय सांगावे? ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी नाव क्षमतेपेक्षा अधिक माणसांमुळे उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. वाचवण्यासाठी निघालेली नाव बुडू शकते, तर मौजेसाठी निघालेली बुडणार नाही याची हमी कोण देणार?

यात अर्थशास्त्राचा एक साधा नियम काम करतो. शिबिराचा दर पालकाला दिसतो, त्याची सुरक्षितता दिसत नाही. जो आयोजक परिचारिका ठेवतो, रात्रभर वाहन उभे करतो, प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट देतो, त्याचे शुल्क वाढते. जो यातले काहीच करत नाही, त्याचे शिबिर स्वस्त पडते आणि तेच भरते. म्हणजे बाजार काळजी घेणाऱ्याला शिक्षा देतो आणि बेपर्वाईला बक्षीस. अशा वेळी सर्वांना बंधनकारक असा किमान नियम हाच प्रामाणिक आयोजकाचा खरा आधार असतो. त्याचा बोजाही फार नाही. ५० मुलांकडून प्रत्येकी १०० रुपये अधिक घेतले तर ५,००० रुपये जमतात. प्रथमोपचाराची पेटी, पाण्याचे शुद्धीकरण, पुरेसे दिवे आणि रात्रीचे वाहन यांचा बराचसा खर्च त्यातून निघतो.

इंग्लंडलाही हे शहाणपण फुकट मिळाले नाही. मार्च १९९३ मध्ये लाइम बे येथे होड्या वल्हवायला गेलेले चार विद्यार्थी मरण पावले. त्या केंद्रातील सुरक्षेच्या उणिवांबद्दल काम सोडून गेलेल्या प्रशिक्षकांनी आधीच लेखी इशारा दिला होता. १९९४ मध्ये कंपनी दोषी ठरली, तिचा संचालक तुरुंगात गेला आणि १९९५ मध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. तरीही परवाना म्हणजे सुरक्षितता नव्हे. ४ जुलै २०२५ च्या पहाटे अमेरिकेतील टेक्सास राज्यात नदीकाठच्या मुलींच्या शिबिरात पूर शिरला आणि २७ शिबिरार्थी व सेविका वाहून गेल्या. दोनच दिवस आधी झालेल्या सरकारी तपासणीत त्या शिबिराकडे आपत्कालीन आराखडा असल्याची नोंद झाली होती. कागद होता, पण मुले पूररेषेतच झोपली होती. २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिलेल्या कृष्णाकाठाने हा धडा विसरता कामा नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. नियम वाढले की दाखले वाढतात, दाखले वाढले की हेलपाटे वाढतात, आणि शेवटी पैसेवाले व्यावसायिक तेवढे टिकून ध्येयवादी शिक्षकाचे शिबिर बंद पडते. इंग्लंडच्या कायद्याने स्वयंसेवी संघटनांना आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शाळांना परवान्यातून वगळले, ते काही अंशी याच विचाराने. आपणही छोट्या शिबिरांना परवान्याच्या जाचातून मोकळे ठेवावे. पण किमान अटींतून कोणालाही सूट नको. सेवाभावी संस्थेच्या विहिरीतले पाणी मुलाला कमी बुडवते, असे थोडेच आहे!

या अटी एका पानावर मावतील. शिबिराची तारीख, जागा आणि मुलांची संख्या ग्रामपंचायतीला व जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आठवडाभर आधी कळवावी. आरोग्य सेवकाने पाणी तपासावे आणि केंद्रात प्रतिविष व प्राझोसिन आहे की नाही हे सांगावे. प्रत्येक मुलाच्या आजारांची व औषधांची नोंद असावी. मुक्काम पूररेषेबाहेर असावा. जीवरक्षक जॅकेट घातल्याशिवाय कोणी होडीत बसू नये. रात्री वाहन व चालक जागेवर असावेत. मुलांच्या सहवासात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पूर्वचौकशी झालेली असावी. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याची जाणीव आयोजकांना असलीच पाहिजे. आणि हे पान शिबिराच्या दारावर मराठीत लावलेले असावे, म्हणजे पालकच खरे तपासनीस होतील.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो शिक्षकावर. साधने द्यायची नाहीत, वाहनाचा खर्च मंजूर करायचा नाही, आणि दुर्घटना घडली की पहिला गुन्हा कार्यक्रमाधिकाऱ्यावर नोंदवायचा, ही रीत आता बदलली पाहिजे. ज्याच्या हाती पैसा व अधिकार, त्याच्या माथी जबाबदारी, हा न्याय संस्थाचालकांनी आणि शासनाने मान्य करावा. मुरूडनंतर जशा घाईघाईने सूचना निघाल्या, तशा पुन्हा काढण्याची वेळ येऊ द्यायची नसेल, तर हे एक पान पुढच्या हंगामापूर्वीच दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने तयार करावे. मुलांच्या मृत्यूनंतर लिहिलेला नियम कितीही चांगला असला, तरी तो उशिराच आलेला असतो.