घोड्याच्या नावानं पन्नास लाख, पण तट्टूवाल्याच्या हातात काय?



दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याचे घोडे आपल्या मोबाइलवर धावायला लागतात. कोण्या घोड्याची किंमत कोटीत सांगतात, कोणी त्याच्या दुधातुपाचा खुराक सांगते. पाहायला मलाही आवडतं. उमदं जनावर पाहून ज्याचा जीव हरखत नाही तो शेतकरी कसला! पण परवा पारावर एकानं विचारलं, "भाऊ, घोड्यालेही सरकार पन्नास लाख देते म्हणे, खरं काय?" खरं आहे, पण अर्धंच. म्हणून हे लिहितो.

पहिले योजना समजून घ्या. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी, मेंढी, कोंबडी, डुक्कर आधीपासून होते. २१ फेब्रुवारी २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यात घोडा, गाढव, खेचर अन् उंट घातले. ५० टक्के भांडवली अनुदान, जास्तीत जास्त ५० लाख. एकटा माणूस, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, कोणीही अर्ज करू शकतो. कागदावर दार सगळ्यांना उघडं.

आता हिशोब मांडा. ५० लाख अनुदान पाहिजे तर प्रकल्प १ कोटीचा पाहिजे. उरलेले ५० लाख घरचे नाहीतर बँकेचे. जमीन विकत घेणं, भाडं, रोजचा चालू खर्च याला अनुदान नाही. म्हणजे शेड उभारायला सरकार मदत करणार, पण घोडा जे रोज खातो ते आपलं आपण पाहायचं. ज्याच्या सातबाऱ्यावर पीककर्जाचा बोजा आहे त्याला बँक घोड्यासाठी दारात तरी उभी करील काय? मग उरते कोण? ज्याच्याकडं आधीच फार्महाऊस आहे, घोडा शौकाचा आहे अन् प्रकल्प अहवाल लिहून द्यायला सीए आहे तो. त्यानं घ्यावं, माझं पोट दुखत नाही. पण मग त्याला 'पशुपालकाला मदत' म्हणू नका.

हे कलम काहून आणलं, तर देशातली ही जनावरं संपत चालली म्हणून. ते खरंच आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू सव्वासहा लाख होते, २०१९ ला ३ लाख ४२ हजार उरले. सात वर्षांत ४५ टक्क्यांवर घट. गाढवं तर ६१ टक्क्यांनी घटली. पण कमी झालं कोणाचं जनावर? जत्रेत नाचणारा घोडा कमी झाला नाही. टांगे बंद पडले, वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, गायरानं गेली. कामाचं जनावर गेलं. अन् औषध कोणाला, तर जो आजारीच नव्हता त्याला!

आपल्या इकडं मेंढपाळ शेतात मेंढ्या बसवायला येतात, त्यांच्या बिऱ्हाडासंगचं तट्टू पाहा. पाठीवर खाट, भांडी, कोंबड्या अन् वर लेकरू. ते तट्टू कोण्या स्पर्धेत उतरत नाही, पण अख्खा संसार वाहून नेते. पुणे, सोलापूर, सातारा, नगर भागातल्या अशाच तट्टांना भीमथडी म्हणून आता स्वतंत्र जातीची सरकारी नोंद मिळाली. मराठ्यांच्या घोडदळाचं हे जनावर. २०२३ पासून जे आपलं राज्यगीत आहे त्यातही त्याचं नाव येतं. सरकारी कार्यक्रमात आपण उभं राहून ते नाव गातो अन् बाहेर पडलो की त्याच तट्टूवाल्याला चराईवरून हाकलून देतो. नाव मोठं करायचं अन् पाळणारा उपाशी ठेवायचा, ही कोणती जपणूक?

जत्रेच्या पैशाचंही तेच. सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्ताच्या यात्रेवर पिढ्यान्‌पिढ्या भरत आला. मग त्याचा चेतक महोत्सव झाला. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याच्या पर्यटन महामंडळानं अहमदाबादच्या एका कंपनीला आखणी-व्यवस्थापनाचं कंत्राट दिलं. आकडा होता ३२१ कोटी. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारनं आर्थिक अनियमिततेचं कारण देऊन ते रद्द केलं. घोड्याच्या नावानं निघालेला पैसा तंबू, मंच अन् जाहिरातीकडं कसा वळतो, त्याचा हा नमुना. बाजाराला काय लागते? पाणी, सावली, जनावर उतरवायला नीट धक्का, रात्री उजेड अन् हजर डॉक्टर. याला शेकडो कोटी लागत नाहीत.

आता दुसरी बाजू पाहा. घोड्याला ग्लँडर्स झाला तर कायद्यानं त्याला मारावंच लागते. रोग माणसालाही होतो, म्हणून ते बरोबरच आहे. भरपाई किती? घोड्याला २५ हजार, गाढवाला १६ हजार. एकीकडं शौकिनाला ५० लाखांपर्यंत मदत, दुसरीकडं ज्याची भाकर त्या जनावरावर होती त्याला २५ हजार. मग आजार लपवला जातो अन् तेच जनावर बाजारात येते. भरपाई कमी ठेवून रोग वाढवायची ही रीत आहे.

कोणी म्हणते, "पैसेवाला उतरल्याशिवाय जात टिकत नाही." थोडं मान्य. चांगला नर सांभाळणं खर्चाचं काम आहे, त्याला तो पाहिजेच. पण जात एका गोठ्यात टिकत नाही. ती हजार दारांत दोन-दोन माद्या असल्या म्हणजे टिकते. आपली पूर्णाथडी म्हैस पाहा. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या पूर्णाकाठी ती कोण्या योजनेनं नाही टिकली, घरोघरच्या दावणीनं टिकली. जातीची नोंद तर २०२३ मध्ये झाली.

सगळंच वाईट नाही. त्याच निर्णयात पशुविम्याचा शेतकऱ्याचा हिस्सा १५ टक्क्यांवर आणला, ते चांगलं झालं. याच अभियानात शेळीपालनाला टप्पे आहेत: १०० शेळ्या अन् ५ बोकडांना १० लाखांपर्यंत अनुदान. शेळीला टप्पे पाडता येतात तर घोड्याला काहून नाही? म्हणून मागणं सरळ आहे:

१) दोन-चार माद्या पाळणाऱ्यालाही जमेल असा लहान टप्पा करा, बँकेच्या अटीशिवाय.
२) नोंद झालेल्या देशी जातीचं शिंगरू जन्मलं अन् वर्षभर जगलं की पाळणाऱ्याच्या खात्यात थेट रक्कम टाका.
३) ग्लँडर्सची भरपाई बाजारभावाच्या जवळ आणा अन् जत्रेआधी तालुक्यातच रक्ताचे नमुने घ्या.
४) यात्रेचा पैसा पहिले पाणी, सावली अन् डॉक्टरवर. मंच त्याच्या नंतर.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढा, ठराव घ्या अन् पशुसंवर्धन खात्याला पाठवा. बिऱ्हाडवाल्या मेंढपाळाला गावात ग्रामसभा नसते. त्याच्यासाठी आपणच बोललं पाहिजे. त्याच्या मेंढ्यांचं खत आपल्याच वावरात पडते.