वानर शेतात आले, दोष कोणाचा?

गेल्या पौषात आमच्या शेतातला हरभरा घाट्यावर आला होता. एके सकाळी वानरांची टोळी आली आणि दुपारपर्यंत अर्धे वावर मोकळे झाले. माय बांधावर बसून म्हणाली, "वर्षभर राबावं आमी, अन् खावं यानं!" आजोबांच्या हातात गोफण होती, पण दगड काही सुटला नाही. ते म्हणाले, "मारुतीचं लेकरू हाय, त्याला मारू नाही." त्या दिवसापासून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. गावातही तेच दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, वानरांना पकडून दूर नेऊन सोडा. दुसरा म्हणतो, देवाचे रूप आहे, खाऊ द्या. मला दोन्ही म्हणणी अर्धीच वाटतात. म्हणून हा लेख लिहीत आहे.

पकडून दूर सोडले तर ते वानर दुसऱ्या गावच्या शेतात जाईल. तिथेही कोणाची तरी माय बांधावर बसलेली असेलच ना? आणि नुसते "खाऊ द्या" म्हणणाऱ्यांनी सांगावे की, वर्षाचे पीक गेल्यावर त्या घराने काय खावे? भक्ती एकाची आणि नुकसान दुसऱ्याचे, हा न्याय नव्हे.

खरा प्रश्न असा आहे की वानर रान सोडून वावरात का येते? त्याचे मूळचे खाणे म्हणजे कोवळा पाला, फुले आणि फळे. वड, उंबर, मोह, टेंभुर्णी, चार ही झाडे म्हणजे त्याची कणगी. ती झाडे कमी झाली की त्याची कणगी रिकामी होते. शिवाय देवळाजवळ आणि सहलीच्या ठिकाणी आपणच हौसेने त्याच्यापुढे बिस्किटे टाकतो. एकदा आयते खाण्याची सवय लागली की कोण कशाला रानात हिंडेल? आपण माणसे तरी हिंडू का?

वानर रानाच्या उपयोगाचेही आहे. ते फळे खाते आणि बिया दूरवर पडतात. बिबट्या दिसला की ते झाडावरून ओरडते, मग खालची चितळे सावध होतात.

आता दुसरीकडचे पाहू. बिनशेपटीचे, माणसाच्या जवळचे वानर आपल्या भारतात एकाच जातीचे आहे. त्याला हुलॉक गिबन म्हणतात. ते ईशान्येकडच्या जंगलांत राहते. हातांनी झोके घेत या झाडावरून त्या झाडावर जाते, जमिनीवर सहसा उतरत नाही. त्यामुळे मधली झाडे तुटली की त्याचा रस्ताच तुटतो. आसामात जोरहाटजवळ 1997 साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. ते सुमारे 21 चौरस किलोमीटरचे आहे, पण त्यातूनही रेल्वेचा रूळ गेला आहे. त्याच आसामात तिनसुकिया जिल्ह्यात बरेकुरी नावाचे गाव आहे. तिथे हे गिबन लोकांच्या परसातल्या झाडांवर राहतात आणि गावकरी ती झाडे राखतात.

आपल्या मराठवाड्यातही असे एक गाव आहे. धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावात 32 एकर जमीन माकडांच्या नावावर आहे. 2022 साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून सगळीकडे गेली. त्या गावात पूर्वी लग्नकार्यात पहिला मान माकडांना देत असत. असे मन असेल तर वाट निघते.

मात्र जंगल राखायचे असेल तर गावाला त्यातून काही मिळालेही पाहिजे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मागता येतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला तो हक्क 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर मिळाला. 2011 पासून त्या गावाने आपला बांबू स्वतः विकला. जंगल आपले झाले, म्हणून राखणही आपली झाली.

आता आपल्या चुकीविषयी लिहितो. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून आपण झाडाखालचा पाला पेटवतो. आमच्या घरीही पेटवत. तो वणवा पुढे जातो आणि नवी रोपे, पाखरांची अंडी सारे जळते. मग वानर वावरात आले की आपण त्याला शिव्या देतो. यंदा मी मायला जुनी लुगडी झाडाखाली अंथरायला सांगितले. फुले स्वच्छ मिळाली, त्यांना माती लागली नाही. आता माय स्वतःच शेजारणींना सांगते.

पालकांना नम्र विनंती आहे की रानात आग लावू नये. वन्यप्राण्यांनी पीक खाल्ले तर विष घालू नये. तो 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याऐवजी वनखात्याकडे लगेच अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा आणि भरपाई मागावी. राखणीला एकट्याने न जाता शेजाऱ्यांनी पाळी लावावी. वर्गमित्रांनो, आपण वानराला खाऊ टाकायचा नाही आणि दगडही मारायचा नाही. येत्या पावसाळ्यात प्रत्येकाने उंबर, मोह किंवा टेंभुर्णीचे एक रोप रानाच्या कडेला लावावे आणि जगवावे.

उंबर मोठे व्हायला वर्षे लागतील, हे मला माहीत आहे. तोपर्यंत हरभरा राखावाच लागेल. आजोबांची गोफण आहेच, आवाज करायला तेवढी पुरे.