परदेशी पेटी आणि बाबू गेनूचं धरण

गेल्या विकांताला डिंभ्याला गेलो होतो. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत रिलीज, शनिवारी मंचरपर्यंत एस्टीत झोप, घोडेगावला चहा. घरी पोचलो तर देवळात भजनी मंडळाची बैठक चाललेली. विषय एकच, पायपेटी विकायची.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पायपेटी म्हणजे लहान टेबलाएवढी हार्मोनियम. खुर्चीवर बसायचं, भाता पायाने मारायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. आमच्या मंडळाची पेटी आजोबांच्या थोरल्या भावाने मुंबईहून आणली. ते गिरणीत होते. कुठल्याशा बंद पडलेल्या नाटक कंपनीचं सामान विकायला निघालं, त्यात ही मिळाली. आतल्या पितळी सुरांवर परदेशी अक्षरं कोरलेली आहेत, त्यामुळे गावात सगळे तिला 'जर्मन' म्हणतात. धरणाचं पाणी चढायला लागलं आणि वरच्या अंगाचं आमचं जुनं गाव उठलं, तेव्हा ट्रॉलीत भांड्यांच्या आधी पेटी चढली होती, हे आजी अजूनही रागाने सांगते :-)

आता ती कुणा फार्महाउसवाल्याला द्यायची आहे. तो म्हणे तिच्यावर फुलदाणी ठेवणार. आलेल्या पैशात कीबोर्ड घ्यायचा. मी तोंड उघडलं तर माझा चुलतभाऊ (मंडळाचा सचिव, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा) म्हणाला, "अरे, बाबू गेनूच्या धरणाशेजारी राहतो आपण. ही विलायती पेटी कशाला जपायची?"

"दादा, कीबोर्ड कुठल्या कंपनीचा?"

"जपानी."

बैठकीत हसले सगळे, पण ठराव काही मागे घेतला नाही. म्हणून हा लेख.

बाबू गेनू सैद आमच्याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. तेही मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला विलायती कापडाच्या ट्रकसमोर ते आडवे झाले आणि ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. त्यांचा लढा कशाशी होता? इथल्या विणकराच्या पोटावर पाय देऊन इथेच विकल्या जाणाऱ्या मालाशी. पितळेच्या पातीतून निघणाऱ्या सुराशी नव्हे. हुतात्म्याचं नाव घेऊन अडगळ विकायची, हे मला तरी पटत नाही.

बरं, स्वदेशीच्या ऐन भरातल्या लोकांनी पेटीचं काय केलं ते बघू. 'कीचकवध' लिहून सरकारचा रोष ओढवून घेणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर म्हणजे टिळकांचे सहकारी, 'केसरी'तले. त्यांचं 'मानापमान' १९११ चं. चाली कुणाच्या? गोविंदराव टेंबे यांच्या, म्हणजे त्या काळातल्या नामांकित हार्मोनियमवादकाच्या. जुलै १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत एकत्र येऊन 'संयुक्त मानापमान' केलं आणि त्याचं उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिलं. त्या काळच्या संगीत नाटकाला साथ असायची ती ऑर्गनची नाहीतर पायपेटीचीच. त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ जुलैला, परळला गांधीजींनी विलायती कापडाची होळी पेटवली. शहर तेच, महिना तोच. होळीत कापड गेलं. दादा, पेटी नाही गेली!

उलट पेटीवर बंदी आली ती १ मार्च १९४० ला, ऑल इंडिया रेडिओवर. तेव्हा रेडिओचे प्रमुख होते लायनेल फिल्डन, म्हणजे साहेबच. जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधात होते, हेही खरं, लपवत नाही. बंदी १९७१ पर्यंत टिकली आणि नंतरही अटी राहिल्याच. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते तेव्हा स्वतः पेटी वाजवणारा हा माणूस पेटीबंदीच्या कचेरीत बसत होता. काय वाटत असेल!

पेटीविरुद्धचा खरा मुद्दा देशाचा नाहीच, सुराचा आहे, आणि तो मला मान्य आहे. पेटीत मींड निघत नाही. एका सप्तकाचे १२०० सेंट धरले तर समान भागणीत शुद्ध गंधार ४०० वर बसतो आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा ३८६ च्या आसपास असतो. म्हणजे १४ सेंटचा बग. पण आपल्या लोकांनी त्यावर काम केलं ना. सूर टोकाशी घासला की चढतो, बुडाशी घासला की उतरतो. कारागीर कानाने लावून देतो. डॉ. विद्याधर ओक यांनी तर २२ श्रुतींची पेटी केली. भीमसेन जोशींच्या मागे बसलेले अप्पा जळगावकर किंवा तुळशीदास बोरकर ऐका आणि मग मला सांगा की पेटी परकी आहे. आणि मंडळाने पसंत केलेला कीबोर्ड? त्यात तोच १४ सेंटचा बग आहे, फक्त तो घासून काढता येत नाही.

शिवाय परकं म्हणजे नेमकं कुठलं? १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये दबँने हार्मोनियम बनवली, पण थरथरणाऱ्या पातीची कल्पना युरोपला मिळाली ती चीनच्या 'शंग' वाद्यातून. गिटारचंही तेच. १८३० च्या दशकात मेक्सिकन गुराख्यांबरोबर ती हवाई बेटांवर गेली. तिथल्या लोकांनी मांडीवर आडवी घेऊन तारांवरून लोखंड फिरवलं. अमेरिकेत तिला पायाने दाबायच्या पट्ट्या जोडल्या (पाय दाबला की तार ताणते आणि सूर चढतो), ती झाली पेडल स्टील गिटार. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रांनी आडव्या गिटारवर राग वाजवले. 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७, घरी असेल तर आजच ऐका. विश्वमोहन भट्टांना तर १९९४ मध्ये त्याच वाटेने ग्रॅमी मिळालं. या सगळ्यात स्वदेशी कोण आणि विलायती कोण, ते सचिवांनी ठरवून कळवावं.

बैठक उठल्यावर मी पेटीशी बसलो. पाय बिचकत होते. भाता जोरात मारला की सूर अंगावर येतो, हलका मारला की देवळाच्या कोपऱ्यात जाऊन बसल्यासारखा वाटतो. हाताच्या पेटीत एक हात भात्यात अडकलेला असतो, इथे डावा हात खर्ज धरून ठेवतो आणि उजवा अभंग म्हणतो. आजोबा काळी चारमध्ये वाजवायचे. त्या पट्टीवरचं हस्तिदंती रंगाचं पान झिजून खड्डा पडलाय, अहो, खरंच बोट बसतं त्यात. (काळी पट्टी नाही हो, तिच्या शेजारची पांढरी.)

खरं दुखणं दुसरंच आहे आणि ते दादाने रात्री जेवताना कबूल केलं. आमच्याकडचा पाऊस असा की लाकूड फुगून आषाढात पट्ट्या दबलेल्याच राहतात. भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लंय. आणि मुख्य म्हणजे आजोबांनंतर वाजवणारं कुणी नाही. पोरं कीबोर्ड असेल तर येतो म्हणतात. हे कारण असेल तर मी समजू शकतो. मग ठरावात हेच लिहा. बाबू गेनूंना मध्ये आणू नका.

पुण्यातल्या एका पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना फोटो दाखवले. सूर शाबूत आहेत, चामडं बदलावं लागेल, दोन पट्ट्यांच्या स्प्रिंगा नव्या लागतील, असं ते म्हणाले. खर्च कीबोर्डच्या निम्मा. तो मी देतोय. पुढची बैठक येत्या रविवारी सकाळी आहे, फार्महाउसवाला त्याच दिवशी दुपारी टेम्पो घेऊन येणार आहे. मी शनिवारीच जातोय.