“नुसते चाखून पाहा” म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर



यंदाच्या कापणीच्या सणात आमच्या मंडळीपुढे एक सूचना आली आहे. संत्र्यांच्या टोपल्या, लोणची, कोंबड्या यांच्या लिलावाबरोबर “नवशिक्यांसाठी वाइन टेस्टिंग” असा एक स्टॉल लावावा. सूचना करणारी मुले आमचीच आहेत. ती नागपूर-पुण्याला नोकरी करतात आणि नाशिकच्या द्राक्षमळ्यांत फिरून आली आहेत. तिथे २००८ पासून सुला फेस्ट भरतो. गाणी-बजावणी होते, पायांनी द्राक्षे तुडवतात, पेला कसा धरावा, वास कसा घ्यावा, घोट तोंडात कसा फिरवावा हे शिकवतात. तेच तिगावात करू, चर्चच्या छतासाठी चार पैसेही जमतील, असे त्यांचे म्हणणे.

मुले भली आहेत, हेतूही भला आहे. तरीही सणाची कामे करणारे आम्ही सेवक या स्टॉलच्या विरोधात आहोत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पवित्र शास्त्र द्राक्षारसाला पाप म्हणत नाही. स्तोत्र १०४ त्याला देवाच्या देणग्यांत मोजते. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा घ्यायला सांगतो. वसईत किंवा गोव्यात नाताळला घरचा पेला भरणाऱ्या भावंडांचा आम्ही न्याय करत नाही. प्रश्न त्यांच्या घराचा नाही. प्रभूच्या नावाने भरणाऱ्या सणात, तिकीट लावून, ज्याने कधी प्यायली नाही त्याला पहिला घोट आपण पाजावा का, हा प्रश्न आहे.

पहिले उत्तर येते, “वाइन म्हणजे दारू नव्हे.” २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू द्यायचे ठरवले, तेव्हा हे वाक्य पुढाऱ्यांच्या तोंडी होते. हिशोब करून पाहा. साध्या वाइनमध्ये शेकडा बारा-साडेबारा भाग मद्यार्क असतो. टेस्टिंगला तीस-तीस मिलिलिटरचे पाच घोट दिले, तर दीडशे मिलिलिटर झाले, म्हणजे सुमारे अठरा मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. तीस मिलिलिटर व्हिस्कीच्या पेगमध्ये तो तेराच्या आसपास असतो. “नुसते चाखणे” हे जवळपास दीड पेग पिणे आहे. धंद्यातले चाखणारे घोट थुंकून टाकतात, नवशिका गिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगून टाकले आहे की आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. त्यात वाइनला वेगळी सवलत नाही.

दुसरे उत्तर शेतकऱ्याचे. नाशिकला ते निदान समोर ठेवता येते. पण आमच्या तिगाव-पांढुर्ण्याच्या शेतात संत्रा आहे, कापूस आहे. वाइनच्या बाटलीतला कोणता रुपया इथल्या बांधावर येणार? शेतकऱ्याचा कळवळा असेल तर संत्र्याचा रस काढा, तो विका, पहिला पेला आम्ही विकत घेऊ.

तिसरे उत्तर सर्वांत गोड, कारण ते शास्त्रातून येते : “प्रभूने काना गावी पाण्याचा द्राक्षारस केला ना?” केला. पण योहानाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचा. तिथे एका घराची अब्रू जायची वेळ आली होती. पाहुणे बसलेले आणि द्राक्षारस संपलेला. प्रभूने ती लाज झाकली. एक पैसा घेतला नाही, आणि हे कोठून आले ते भोजनकारभाऱ्यालासुद्धा कळले नाही, पाणी काढणाऱ्या चाकरांना तेवढे ठाऊक होते. कानाचा चमत्कार घराची लाज राखतो. आमच्या भागात बाटलीने किती घरांची लाज वेशीवर टांगली, हे महिला मंडळातल्या बहिणींना विचारा. कानाचे नाव घेऊन बाटली उघडणाऱ्याने आधी त्यांच्या डोळ्यांत पाहावे.

आता जे आम्हांला सर्वांत झोंबते ते. आमच्याकडे मोहाची दारू पिणाऱ्या मजुराला आपण बेवडा म्हणतो. रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करतो, त्याच्या बायकोला धीर देतो. आणि त्याच मंडळीच्या अंगणात उंच काचेच्या पेल्यात लाल वाइन फिरवणाऱ्याला रसिक म्हणायचे? मद्यार्क दोन्हींत एकच. फरक पेल्याचा आणि खिशाचा. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी राही आणि दुसरा मस्त होई. पौलाने त्यांना विचारले, देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय? तो प्रश्न आमच्या स्टॉललाही लागू आहे.

सरकारचेही असेच दुटप्पी चालते. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेशात अनेक धार्मिक ठिकाणची दारूदुकाने बंद झाली. आमच्या शेजारचे मुलताई त्यात आहे. आणि त्याच धोरणात फक्त बिअर, वाइन अशा “हलक्या” पेयांच्या बारची वाट काढली गेली. जग असे करते. मंडळीने जगाची नक्कल का करावी?

गावात आम्हांला ऐकवतात, “तुमच्यात तर चालते!” हिंदी सिनेमाने ख्रिस्ती माणसाच्या हातात बाटली दिली ती दिलीच. पण आपला वारसा वेगळा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली छापलेल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात दारूविरुद्ध झटणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनेबद्दल मराठी वाचकांना कौतुकाने सांगितले. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षांचा रस तापवून न आंबणारा केला, तो प्रभुभोजनाच्या प्याल्यासाठी. यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायातल्या रेखाबी घराण्यापुढे तर मंदिरातच द्राक्षारस ठेवला होता. ते प्याले नाहीत, आणि देवाने त्यांची वाखाणणी केली.

शेवटी त्या भावाचा विचार करा, जो दारू सोडून आपल्यात आला आहे. प्रत्येक मंडळीत असा एक तरी असतो. बाजारातला गुत्ता टाळून तो लांबच्या रस्त्याने घरी जातो. चर्चचे अंगण ही त्याची एकच निर्धास्त जागा. तिथे आपणच बाटली उघडली, तर त्याने जावे कोठे? ज्याने भाऊ अडखळतो ते खाऊ-पिऊ नये, असे रोमकरांस पत्र सांगते. शेजाऱ्याला पाजणाऱ्यावर हबक्कूक हाय हाय करतो. हे दोन्ही आम्हांला उद्देशून लिहिले आहे.

म्हणून आमची विनंती : स्टॉल लावा, पण संत्र्याच्या रसाचा. मुलांनीच तो चालवावा. छताचे पैसे कमी पडले तर आम्ही दारोदार फिरून गोळा करू. गळके छत एक पावसाळा सोसवेल. आपल्या हातून पाजलेल्या पहिल्या घोटाने गेलेला भाऊ सोसवणार नाही.

प्रभू आपणां सर्वांस सुबुद्धी देवो. आमेन.