वरची कोथिंबीर
मंगळवारी आमच्या भाजीवाल्या मावशींनी वर टाकायची कोथिंबीर बंद केली, तर माझ्या पुढच्या काकू भरलेली पिशवी तशीच ठेवून तरातरा निघून गेल्या. भाज्यांचा भाव कालचाच होता. गेल्या होत्या त्या फुकटच्या चार काड्या. ‘वर्तनविज्ञान शिकायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं तुमच्यापैकी कुणी ना कुणी विचारतं. माझं उत्तर एकच : मंडईतून. मिळाल्याच्या आनंदापेक्षा हातचं गेल्याचं दुःख मोठं, हे डॅनियल कानमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. कानमन मानसशास्त्रज्ञ, पण २००२ चं नोबेल मिळालं अर्थशास्त्राचं. (ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले, याची हळहळ मला आजही वाटते.) कानमन यांचं ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ जरूर वाचा, पण त्याआधी आठवडाभर वहीत माणसं टिपून ठेवा : काय म्हणाली ते नव्हे, काय केलं ते. नुसती पूर्वग्रहांची नावं घोकणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकणं. गुरुवारी मावशींनी भेंडी पावशेरामागे दोन रुपयांनी वाढवली आणि वर कोथिंबीर टाकली. काकूंनी अर्धा किलो घेतली.