कॉम्प्युटर ओळख दाखवत नाही तेव्हा

लग्नाचे फोटो पाहायचे म्हणून कपाटातला पेन ड्राइव्ह काढला, कॉम्प्युटरला लावला आणि काहीच झालं नाही. किंवा पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट आली, ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’. म्हणजे कॉम्प्युटरने सरळ ओळख दाखवायला नकार दिला. अशा वेळी घरात सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणतं व्हायरस असेल, कुणी म्हणतं पेन ड्राइव्ह गेला, आणि एखादा उत्साही भाचा म्हणतो, ‘मामी, फॉरमॅट मारून टाकू, लगेच चालू होईल.’ या शेवटच्या सल्लागाराला चहा द्या आणि माउसपासून लांब बसवा. बाकीचे उपाय चुकले तरी फारसं बिघडत नाही. या एका उपायाने मात्र आठवणी जाऊ शकतात.

आधी ही ओळख होते कशी ते पाहू. यूएसबी १९९६ मध्ये आलं. त्यापूर्वी कीबोर्ड, माउस, प्रिंटर, प्रत्येकाची पिन वेगळी असायची. सगळ्यांसाठी एकच पिन आणणाऱ्या इंटेलमधल्या मंडळींत अजय भट्ट हे नाव ठळक आहे. त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालेलं. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. जुन्या चपट्या पिनेत डोकावून पाहा, चार सोनेरी पट्ट्या दिसतील आणि कडेच्या दोन किंचित लांब असतील. त्या विजेच्या. पिन आत सरकताना वीज आधी पोहोचावी म्हणून ही सोय. वीज मिळाली की पेन ड्राइव्ह माहितीच्या तारेवरून ‘मी आलोय’ असा इशारा देतो, कॉम्प्युटर विचारतो ‘तू कोण?’, आणि तो आपल्या कंपनीचा व मॉडेलचा क्रमांक सांगतो. हे संभाषण पुरं झालं तरच ओळख पटते.

यातून एक उपयोगी गोष्ट कळते. पेन ड्राइव्हचा किंवा हार्ड डिस्कचा दिवा लागला, म्हणजे फक्त वीज पोहोचली. बोलणं झालं असं नव्हे. ‘दिवा लागतोय, मग बिघाड कॉम्प्युटरचाच’ हे घरोघरी ऐकू येणारं अनुमान म्हणूनच कच्चं आहे.

मोबाइल कॉम्प्युटरला जोडल्यावर चार्ज होतो पण फोटो दिसत नाहीत, याचं कारणही बऱ्याचदा तेच. बाजारात, रेल्वे स्टेशनबाहेर मिळणाऱ्या कित्येक स्वस्त वायरींत माहितीच्या तारा मुळात घातलेल्याच नसतात. अशा वायरीने दिवसभर खटपट केली तरी उपयोग नाही. फोनसोबत आलेली वायर शोधा. वायर बरोबर असेल तर अँड्रॉइड फोनचं लॉक उघडा, वरून नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढा आणि यूएसबीच्या ओळीवर टॅप करून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. सुरक्षेसाठी फोन आपणहून फक्त चार्जिंगपुरताच जोडला जातो. आयफोन असेल तर ‘ट्रस्ट’ विचारेल, हो म्हणा.

आता पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्ककडे वळू. पहिला उपाय सगळ्यात सोपा, आणि लोक नेमका तोच शेवटी करतात: दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहा. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरला समोरचे पोर्ट एका बारीक वायरीने आतल्या मदरबोर्डशी जोडलेले असतात. ती सैल झाली किंवा नीट बसवलेलीच नसली की समोरचे पोर्ट रुसतात. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवरच असतात, म्हणून मागे लावून पाहायचं. मधे यूएसबी हब असेल तर तो काढा. जुन्या पोर्टमधून साधारण ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, बहुधा निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टमधून ९००. आतली चकती फिरवणाऱ्या हार्ड डिस्कला ५०० कधीकधी कमी पडते. मग ती ‘टिक टिक’ करते, बंद होते, पुन्हा सुरू होते. निळ्या पोर्टमध्ये लावल्यावरही टिकटिक थांबली नाही तर मात्र डिस्कच आजारी आहे. तिला पुन्हा पुन्हा चालू करू नका.

किनाऱ्याकडच्या घरांत, मग ते रत्नागिरी असो, पणजी की चेन्नई, खाऱ्या दमट हवेने पिनांवर थर चढतो. पोर्टमध्ये फुंकर मारायची सवय सोडा. फुंकरेबरोबर ओलावाही जातो. कॉम्प्युटर बंद करून कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. पेन ड्राइव्हच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या थेंबाने पुसता येतात. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते असतं. पूर्ण वाळल्यावरच लावा.

एवढं करूनही ओळख पटत नसेल तर शेजाऱ्यांकडे जा. खरंच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह चालला, तर दोष तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे आणि फोटो सुखरूप आहेत. तिथल्या तिथे ते उतरवून घ्या, दुरुस्ती मग सावकाश.

तुमच्या कॉम्प्युटरसाठी उपाय असा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘शट डाउन’ केल्यावर बऱ्याचदा सगळं पुसलं जात नाही, सकाळी लवकर सुरू व्हावं म्हणून थोडं जपून ठेवलं जातं. म्हणून ‘रीस्टार्ट’ निवडा. त्यानेही जमलं नाही तर पेन ड्राइव्ह लावलेला ठेवून विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि यूएसबीच्या यादीत पिवळा त्रिकोण असलेली ओळ शोधा. तिच्यावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’. घाबरू नका, यात पेन ड्राइव्हमधलं काही पुसलं जात नाही. कॉम्प्युटर फक्त जुनी अर्धवट ओळख विसरतो. मग पेन ड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, पुन्हा लावा. त्याच यादीतल्या माउस किंवा कीबोर्डला हात लावू नका, नाहीतर पुढचं क्लिक कशाने करणार?

कधी कधी लावल्याचा आवाज येतो, पण ‘धिस पीसी’मध्ये पेन ड्राइव्ह दिसत नाही. त्याला ‘ई’, ‘एफ’ असं अक्षरच मिळालेलं नसतं. विंडोज आणि एक्स दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, त्याच्यावर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ने अक्षर द्या. क्लिक जपून करा, कारण त्याच यादीत ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ही बसलेले असतात.

आणि आता ती चौकट, ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’. तिचा सूर असा असतो की जणू दुसरा मार्गच नाही. प्रत्यक्षात कॉम्प्युटर एवढंच म्हणत असतो की ड्राइव्ह दिसतोय, पण त्याची अनुक्रमणिका मला वाचता येत नाही. पानं आत तशीच असू शकतात. कधी तर काहीच बिघडलेलं नसतं: बरेच फोटोग्राफर मॅकवर काम करतात, आणि मॅकच्या पद्धतीने तयार केलेला पेन ड्राइव्ह विंडोजला वाचता येत नाही. चांगल्या ड्राइव्हलाही विंडोज हीच चौकट दाखवतं. म्हणून ‘कॅन्सल’ दाबा, फोटोग्राफरला फोन करा, किंवा ओळखीतल्या कुणाच्या मॅकवर लावून पाहा.

चुकून फॉरमॅट झालंच असेल, तर त्या ड्राइव्हवर नवीन काहीही टाकू नका. झटपट फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त अनुक्रमणिका बदलते. जुन्या फोटोंवर नवं लिहिलं गेलं की मात्र ते कायमचे जातात. ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर असे फोटो शोधून काढतं. सापडलेले फोटो त्याच पेन ड्राइव्हवर नाही, कॉम्प्युटरवर साठवायचे. फाइलींची मूळ नावं बहुधा परत मिळत नाहीत, एवढी तयारी ठेवा.

पेन ड्राइव्ह कोणत्याच कॉम्प्युटरवर दिसत नसेल, वाकला असेल किंवा लावताच चटका बसण्याइतका तापत असेल, तर घरचे प्रयोग थांबवा. दुकानात देताना पहिलं वाक्य हे म्हणा: ‘ड्राइव्ह गेला तरी चालेल, आतले फोटो हवेत.’ हे सांगितलं नाही तर दुकानदार मेहनत घेऊन पेन ड्राइव्ह चालू करून देईल, छान रिकामा. डेटा काढायचा खर्च आधी विचारा, तो नव्या पेन ड्राइव्हच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकतो. आणि दुकानात जाण्यापूर्वी फोटोग्राफरकडे मूळ प्रत शिल्लक आहे का ते विचारून घ्या. जागा मोकळी करण्यासाठी ते जुनी कामं पुसतात, तेव्हा हा फोन आजच केलेला बरा.