पार्किंग ब्रेकचा स्कॅनर तालुक्यातही हवा

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि कारंजा, शेलूबाजारकडच्या घरगुती गाड्याही ताशी १२०ने धावू लागल्या. साठच्या वेगातली गाडी थांबवताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता तयार होते, त्याच्या चौपट १२०ला होते. मी मंगरुळपीरला गॅरेज चालवतो. गाडीवाले येतात आणि म्हणतात, "भाऊ, पॅड तेवढे टाकून द्या, तासाभरात निघायचंय."

पॅड टाकायला वेळ लागत नाही. पण कॅलिपर उघडला की खरी हालत कळते. शेतरस्त्याचा काळा चिखल आत वाळून बसलेला, सरकणाऱ्या पिना जाम. बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक आणि आतला पार लोखंडाला टेकलेला. चाकातून डोकावणाऱ्याला दिसतो तो बहुधा बाहेरचाच. पिना काढून पुसायच्या, रबराला चालणारंच ग्रीस लावायचं, डिस्कची जाडी मोजायची. किती झिजली की फेकायची, ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी तेही बदलायचं. या कामाला वेळ द्या आणि त्याची मजुरीही द्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

नव्या गाड्यांत हँडब्रेकचा दांडा जाऊन बटण आलं. त्यातल्या बऱ्याच गाड्यांना मागच्या कॅलिपरवरच मुठीएवढी मोटर असते. ती आतल्या स्क्रूने पिस्टन पुढे रेटते. पॅड बदलण्याआधी हा स्क्रू मागे घ्यावा लागतो. त्यासाठी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकायची, आणि अनेक मॉडेलना त्याला स्कॅनर लागतो. तसं न करता सी-क्लॅम्पने पिस्टन दाबला, तर आतली यंत्रणा मोडते. मग पॅडच्या कामाला कॅलिपरचा खर्च.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्येच दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतलं. हे फार चांगलं झालं. आता कंपन्यांनी सर्व्हिस मोडची कृती मॉडेलवार, मराठीत, छोट्या गॅरेजलाही खुली करावी. सोयाबीन काढणीच्या दिवसांत पॅडसाठी अकोल्याला गाडी न्यायला कुणाला सवड असते? चाकातून करकर येईपर्यंत लोक तशीच दामटतात. जिल्ह्यातल्या आयटीआयत मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या प्रत्येक पोराच्या हाताखालून मोटरवाला एक तरी कॅलिपर गेला पाहिजे, आणि त्यासाठी लागणारा स्कॅनर जिल्हा नियोजन समितीने या वर्षीच मंजूर करावा.